शाबास, ताई

बाहुली केव्हाच कोरडी झाली होती, तरी हौसाबाई तिला पुसतच होत्या.

काचेच्या अलीकडे बसलेल्या वृंदा खरातनं आधी ते फारसं मनावर घेतलं नाही. हौसाबाई कालच हे सगळं शिकून तयार झाल्या होत्या; आज ही शेवटची चाचणी. दुपारी चारला अभ्यासक्रम राज्यभरातल्या हजारो आरोग्यसखींना एकाच वेळी खुला व्हायचा होता. नाशिकच्या त्या इमारतीत खालच्या सभागृहात पडदे लागत होते, झेंडूच्या माळा घेऊन माणसं जिना चढत-उतरत होती. अभ्यासक्रमाचं नाव ‘पहिला श्वास’. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला दवाखाना दूर असताना श्वास कसा द्यायचा, ते त्यात शिकवलं होतं. शिकणारी बाई कुठे अडखळते, कुठलं चित्र तिला उमगत नाही, कुठलं बटण हाताला लागत नाही, ते काचेआडून बघायचं आणि दुरुस्त करून घ्यायचं, हे वृंदाचं काम.

पडद्यावर पुढचं चित्र येऊन थांबलं होतं: बाळाची मान जराशी मागे. हौसाबाईंनी चित्राकडे पाहिलं, मान डोलावली, आणि पुन्हा कापड उचललं. पाठ पुसली. पोट पुसलं. काखा पुसल्या.

“तौफिक, आवाज येतोय ना आत?”

यंत्रं सांभाळणाऱ्या तौफिकनं कानावरचा हेडफोन सरकवला. “स्पीकर बसलाय वाटतं. सकाळपासून रुसलाय नवऱ्या मुलासारखा. थांब, मनवतो.”

“नको. राहू दे तसाच.”

कापड फिरतच राहिलं. दळणावरून हात फिरवावा तसं, निवांत, मायेनं. वृंदा उठून आत गेली.

“हौसाबाई, पुसून झालं ना बाळ?”

“झालं की.”

“मग पुढं काय करायचं?”

“मान मागं करायची. हे काय, चित्रातच हाये.” हौसाबाई हसल्या, आणि हसताहसता त्यांचे हात पुन्हा बाहुलीची पाठ पुसू लागले. मग त्याच हातांकडे बघून गोंधळल्या. “झालंय ओ, मॅडम. पण झाल्यासारखं वाटंना.”

हे असं का व्हावं, ते वृंदाला काचेपाशी परत येईस्तोवर उमगलं होतं, आणि उमगल्यावर तिला बसवेना.

हौसाबाईंच्या कपाळावर जी चकती होती तिला सगळे टिकलीच म्हणत. दिसायलाही तशीच. माणसाला एखादी गोष्ट जमली की त्या क्षणी मेंदूत आतल्या आत एक लहर उठते, जमलं गं बाई, अशी. ती आपल्याला जाणवतही नाही. पण ती उठली की क्षणभर आठवणीची जमीन भुसभुशीत होते, आणि त्या क्षणात पडलेलं बी रुजतं. एरवी ही लहर क्षीण असते, म्हणून तर माणसाला घोकावं लागतं, तेच ते पुन्हा पुन्हा करावं लागतं. टिकली ती लहर नेमकी ओळखते आणि मुंगी चालावी इतक्या हलक्या विजेनं तिला जोर देते. महिन्याभराचा सराव एका सकाळी हातात मुरतो, आणि मुरलेला सहजी निघत नाही.

मात्र भुसभुशीत जमीन बी निवडून घेत नाही. हाताची हालचाल रुजते, कापडाचा खरखरीतपणा रुजतो, आणि त्याच क्षणी कानावर पडलेला आवाजही रुजतो.

पहिल्या खेपेला अभ्यासक्रमात आवाज नव्हताच. कृती बरोबर झाली की पडद्यावर हिरवी खूण उमटायची. पण चाचणीला आलेल्या बाया खूण सोडून मान वळवायच्या आणि वृंदाच्या तोंडाकडे बघायच्या. चाचणी घेणाऱ्यानं चेहरा कोरा ठेवायचा, हा धंद्याचा नियम. वृंदा तो कोरा ठेवायची आणि बाया कष्टी व्हायच्या. एक जण तर चहाला न थांबताच निघाली. “पोरगी तोंड पाडून बसली, म्हटलं आपलंच काही चुकलं.” शिकवणाऱ्यानं शाबास म्हणावं की, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

शिकणाऱ्याचं ऐकायचं, हाही धंद्याचा नियमच. वृंदानं ऐकलं. प्रत्येक कृतीनंतर आपल्याच आवाजात दोन शब्द भरले. माइकसमोर उभी राहिली तेव्हा तिनं डोळ्यांपुढे मंजूला आणलं. मंजू तिची थोरली बहीण. पस्तिशी ओलांडल्यावर स्कूटर शिकली, तेव्हा मागे बसलेली वृंदा प्रत्येक वळणाला तिच्या पाठीवर थाप देऊन म्हणायची: शाबास, ताई. त्याच लाडानं, त्याच सुरात ते शब्द भरले गेले. त्यानंतर एकही बाई नापास झाली नाही. सगळे म्हणाले, पोरीनं जीव ओतला अभ्यासक्रमात.

बाळ पुसून झालं, याची खूण आता बाळाच्या कोरड्या अंगावर राहिलीच नव्हती. ती वृंदाच्या गळ्यात येऊन बसली होती.

तिनं शेजारच्या खोलीतल्या, कालच शिकून तयार झालेल्या दोघींना बोलावलं. आवाज बंद ठेवला. दोघी पुसत राहिल्या. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी हात थांबेनात. तौफिकनं मग न सांगता स्पीकर दुरुस्त करून आवाज चालू केला. शाबास, ताई. दोघींचे हात एकदम सुटले आणि सरसर पुढच्या कृतीला लागले. ते बघून तौफिकच्या तोंडची थट्टा आटली.

“वृंदा,” तो म्हणाला, “मॅडमना सांगायला हवं.”

अभ्यासक्रमाच्या प्रमुख पेंडसे मॅडम खाली सभागृहाच्या दाराशी उभ्या होत्या. बालरोगतज्ज्ञ, उभं आयुष्य घाटमाथ्यावरच्या दवाखान्यांत काढलेलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये कोणी पाहुणे आले, त्यांना नमस्कार केला, पुन्हा ऐकलं.

“म्हणजे आवाज असला की हात चालतात.”

“हो, पण मॅडम —”

“मग आवाज देऊ. कानात घालायचं छोटं यंत्र. महिन्या-दोन महिन्यांत प्रत्येकीला पोचतं करू. हा दोष नाही वृंदा, ही एक जादा गरज आहे.”

“यंत्र बंद पडलं तर? रेंज नसली तर? आणि महिनाभर काय?”

“महिनाभर काही जणी अडतील.” मॅडमनी तिच्याकडे सरळ पाहिलं. “आणि आपण थांबलो तर? नव्यानं बांधायला वर्ष जाईल. या वर्षात जी बाळं कोणाच्याच हाताला लागणार नाहीत, ती मी मोजू की तू मोजतेस? माझ्या या हातांत निळी पडलेली बाळं मला अजून दिसतात गं. चारला मंचावर ये. कायद्यानं तुझं वाक्य लागतं.”

कायदा नवा होता. ज्याचा आवाज टिकलीवाटे माणसांच्या आठवणीत उतरणार, त्यानं अभ्यासक्रम खुला होताना सर्वांसमक्ष, स्वतःच्या तोंडानं, माझा आवाज मी देते, असं म्हटल्याशिवाय कुलूप उघडत नसे. लोकांनी त्याचाही सोहळा करून टाकला होता. वाक्य म्हणणाऱ्याला शाल देत.

मॅडमचं म्हणणं खोटं नव्हतं. जिना चढताना वृंदाला वाटलं, खरंच, कानात यंत्र घातलं की झालं. चष्मा नाही का लावत माणसं? आणि मग जिन्याच्या मधल्या वळणावर तिचा पाय थबकला. महिन्याभरापूर्वी, आवाज भरल्यावरच्या पहिल्या चाचणीला एक बाई आयत्या वेळी आली नव्हती. त्या जागी वृंदानं मंजूलाच बोलावलं होतं. मंजू राजूरच्या पलीकडे, घाटाखालच्या वाडीत आरोग्यसखी होती. तिला सावध करायला हवं होतं.

फोन बराच वेळ वाजला.

“ताई, ऐक माझं नीट —”

“वृंदे, ठिव फोन. सोनलचं बाळ आलंय. रडंना.”

“ठेवू नकोस! ताई, फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेव, चालू ठेव. ॲम्ब्युलन्स?”

“सांगितलीय. घाटात हाये.” फोन टेकल्याचा ठक्क आवाज आला. मग कापडाचा. खस्स, खस्स, खस्स.

वृंदा भिंतीला टेकली. मागे सोनलची म्हातारी सासू देवाचा धावा करत होती. कापड चालूच होतं.

“ताई, पुसून झालंय. आता मान मागं कर.”

“थांब की. पुसून होऊ दे.”

“झालंय ताई!”

“न्हाई झालं! मला कळत न्हाई व्हय?”

मंजूच्या आवाजात घाबरल्याची खूण नव्हती. एखादं काम नेटानं करणाऱ्या बाईचा तो आवाज होता.

“शाबास, ताई,” ती म्हणाली. सूर घाबरलेला होता. खस्स, खस्स. हातांनी तो आवाज ओळखलाच नाही. ती पुन्हा म्हणाली, ओरडून. खस्स. म्हातारी आता मंजूवर खेकसत होती, “आगं पुसतीस काय नुसती, काय तरी कर की बाई!”

वृंदानं डोळे मिटले. जिना, फुलं, पाहुणे, सगळं मागे सारलं आणि स्कूटरवर जाऊन बसली. पुढे मंजूची रुंद पाठ, वाऱ्यानं फुगलेला पदर, समोर उताराचं वळण. तिनं मनात त्या पाठीवर थाप दिली आणि हसून, अगदी हसून म्हणाली, “शाबास, ताई.”

कापड थांबलं.

“मान मागं केली,” मंजू म्हणाली.

“शाबास, ताई.”

“अंबू लावते.” तोंडावर धरून दाबायच्या हवेच्या पिशवीला सगळे अंबू म्हणत. फस्स असा आवाज आला.

“छाती उचलली का?”

“न्हाई.”

हसू ओठांवर तसंच धरून ठेवणं वृंदाला जड जात होतं. “मुखवटा जरा दाबून बसव. आता?”

फस्स. “उचलली वाटतं.”

वाटतं. अभ्यासक्रमात बाहुलीच्या छातीत तार होती. ती खरोखर उचलल्याशिवाय शाबास मिळत नसे. इथे वृंदाला काहीच दिसत नव्हतं. ती शाबास म्हणाली असती तर मंजूच्या हातांनी छाती उचलली असं धरून चाललं असतं, मग ती उचललेली असो वा नसो. ती शाबास म्हणाली नसती तर ते हात उचललेल्या छातीवर मुखवटा पुन्हा पुन्हा बसवत राहिले असते. त्या एवढ्याशा जिवाची छाती घाटाखाली होती, आणि निवाडा नाशिकच्या जिन्यात व्हायचा होता.

“आजी!” वृंदा एकदम म्हणाली. “सोनलच्या सासूबाई! तुम्ही बघा. बाळाची छाती वर येते का?”

म्हातारीचा धावा थांबला. फस्स. “येतीय… येतीय गं बाय, उलीशी येतीय.”

“शाबास, ताई. आता दाब… सोड, सोड. दाब… सोड, सोड.”

जात्याच्या फेऱ्यासारखा तो ठेका चालला. इकडे वृंदा बोलत होती, तिकडे पिशवी हुंकार देत होती, आणि मध्ये अख्खा घाट आडवा पसरला होता. दाब, सोड, सोड. जिन्यातून शालीचं तबक घेऊन कोणी खाली गेलं. दाब, सोड, सोड. फोनमध्ये मध्येच खरखर झाली, तरी वृंदा ठेका म्हणत राहिली. खरखर गेली, पिशवीचा आवाज परत आला.

आणि मग मांजराच्या पिलानं कुरकुरावं तसा एक आवाज. पुन्हा एकदा, जरा मोठा. मग रडणं. रागावलेलं, थरथरतं, भरघोस.

तिकडे बायांचा एकच गलका झाला. वृंदा पायरीवर बसली. गाडीचा भोंगा ऐकू आला, पावलं वाजली, बाळ-बाळंतिणीला उचलून नेलं. मगच मंजूनं फोन कानाला लावला.

“वृंदे.”

“काय गं ताई.”

“तुझा फोन आला नसता तर?”

वृंदानं फोन कानाशी घट्ट धरला.

“मला दिसत होतं, पोरगं काळंनिळं पडतंय. मी पुसत बसले.” मंजूचा आवाज अगदी बारीक झाला. “माझ्या हातांस्नी काय केलंस गं तू?”

सभागृहाच्या भिंतीभर लावलेल्या पडद्यांवर चेहरे होते. केंद्राकेंद्रांवर बसलेल्या बाया, कोणी नवी साडी नेसलेली, कोणी लेकरू मांडीवर घेतलेली, प्रत्येकीच्या कपाळावर टिकली. पेंडसे मॅडम बोलल्या, थोडं आणि मनापासून. मग त्यांनी वृंदाला हात केला. टाळ्या झाल्या. तिच्या खांद्यावर शाल आली.

“माझा आवाज,” वृंदा म्हणाली, आणि माइकनं तिची धाप सगळ्या केंद्रांवर पोचवली. “माझा आवाज मी देत नाही.”

कुणीतरी हसलं, पोरगी वाक्य चुकली असं वाटून. मग कोणी हसेना.

“बायांनो, कपाळावरची टिकली काढा. तासाभरापूर्वी माझी सख्खी बहीण न रडणारं बाळ पुसत बसली होती. तिला सगळं येत होतं, तरी तिचे हात पुढे जाईनात. का, तर मी शाबास म्हटलं नव्हतं. हा अभ्यासक्रम तुमच्या हातांना माझी वाट बघायला शिकवतो. तो मीच तसा केलाय. चांगल्या मनानं केलाय, पण केलाय.”

भिंतीवर हालचाल झाली. काही हात कपाळाकडे गेले. काही गेले नाहीत. कुठल्याशा केंद्रातून एक सावळी, धीट बाई उभी राहिली.

“मॅडम, मग आज रात्री आमच्याकडं असं बाळ आलं तर काय करायचं?”

“आज जेवढं येतं तेवढ्यानं करायचं.”

“तेवढ्यानं बाळं जातात.”

पेंडसे मॅडम वृंदाच्या शेजारी आल्या. रागावल्या नव्हत्या; एका तासात म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसत होत्या. हळूच म्हणाल्या, “तिला दे उत्तर. मला नको देऊस.”

वृंदा भिंतीवरच्या त्या बाईकडे बघत उभी राहिली, बाई तिच्याकडे. मग बाईनं टिकली काढली, बोटावर धरून क्षणभर न्याहाळली, आणि खाली ठेवली.

पुढच्या आठवड्यात वृंदा वाडीला गेली. नोकरी होती की गेली, ते अजून कुणी सांगितलं नव्हतं. सोनलचं बाळ दवाखान्यातून घरी आलं होतं आणि दूध ओढत होतं, हे तिला एसटीतून उतरल्या-उतरल्या अनोळखी माणसानंही सांगितलं. मंजूनं मात्र दारात पाणी दिलं आणि पाठ फिरवली.

“ताई, तौफिकनं मेंदूच्या डॉक्टरला विचारलंय. रुजलेलं उपटता येत नाही. पण त्याच्यावर दुसरं पेरता येतं. टिकली न लावता, साधं, पुन्हा पुन्हा करून. माझ्या आवाजाशिवाय.”

“किती दिवस?”

“ठाऊक नाही.”

“तुला ठाऊक तरी काय असतं गं?” मंजू म्हणाली, पण बाहुली तिनं पिशवीतून काढून घेतली.

सोप्यात गोणपाट अंथरलं. बाहुली ओली केली. मंजूनं पुसायला घेतलं, आणि जे व्हायचं तेच झालं. पाठ, पोट, काखा. पुन्हा पाठ. दात आवळून ती हात थांबवू बघायची, ते थांबायचे, आणि दुसऱ्या क्षणी कापडाकडेच वळायचे. कपाळावर घाम डवरला. दुपार कलली, आणि ती सातव्या-आठव्या खेपेला वृंदाकडे बघून म्हणाली, “बोल ना.”

वृंदानं नकाराची मान हलवली.

“एकदाच म्हण. मग न्हाई मागायची.” एवढी मोठी ताई, जिनं तिला कडेवर घेऊन ओढा ओलांडला होता, लहान पोरीसारखी तोंडाकडे बघत होती. “वृंदे, हात दुखायला लागलं गं. म्हण की.”

शब्द वृंदाच्या जिभेवर आले होते. त्यांना दुसरीकडे कुठे जागाच नव्हती. ती उठली आणि अंगणात गेली, तिथून गोठ्यामागे, जिथून मंजूचा चेहरा दिसणार नाही. शेणकुटांच्या रचलेल्या हुडव्याला टेकून उभी राहिली, तोंडावर ओढणी दाबून.

आतून आवाज येत होता. खस्स, खस्स. मंजू शिव्या घालत होती. तिला, टिकलीला, नाशिकला, बाहुलीच्या खानदानाला. खस्स. मग शिव्याही थांबल्या. मग कापडही थांबलं.

थांबलं ते परत सुरू होईना. मंजू थकून बसली असेल. उठून गेली असेल. रडत असेल. वृंदा कान देऊन उभी राहिली. गोठ्यात म्हशीनं शेपूट आपटली.

फस्स.

वृंदानं श्वास धरला. बराच वेळ काही नाही. आणि मग, अडखळत, ठेका चुकत, पुन्हा: फस्स.

“आत ये,” मंजूची हाक आली. “चहा ठिव. आणि काय बी बोलू नगंस.”